तानपुरा प्रोजेक्ट अपडेट: बरोबर 64 ने मागे

मागच्या अपडेटमध्ये रास्पबेरी पाय 4 या छोट्या कॉम्प्युटरवरचा तानपुरा पूर्ण झाला म्हणून फुशारकी मारली होती, ती मागे घेतो. आई रोज सकाळी त्याच्यावर रियाज करते आणि आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा हाक यायचीच, "अरे, काळी चार लावलीय तरी हा खालीच वाजतोय." मी जाऊन नॉब जरासा हलवला की सूर जागेवर. नॉबवरच खापर फोडलं, नवीन आणून बसवला सुद्धा. बिचारा निर्दोष होता, घोळ माझ्या क्यूमध्ये, म्हणजे नॉबचे मेसेज आवाजाच्या भागाकडे नेणाऱ्या रांगेत होता.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. नॉब वाचणारा थ्रेड (प्रोग्रॅमचा स्वतंत्रपणे चालणारा भाग) वेगळा, आवाज बनवणारा वेगळा. सेकंदाला 48000 फ्रेम (आवाजाचे नमुने) आणि 256 फ्रेमचा बफर, म्हणजे ऑडिओ थ्रेडला दर 5.3 मिलिसेकंदांनी माल तयार ठेवावाच लागतो, उशीर झाला की स्पीकरमधून टक्क. पहिल्या व्हर्जनला साधा म्युटेक्सवाला (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) क्यू होता आणि बहुतेक कामांना तोच लावावा हे माझं मत अजूनही तेच आहे, पण इथे नॉबवाल्याने लॉक धरला आणि नेमकं तेव्हाच ओएसने त्याला बाजूला बसवलं तर ऑडिओ थ्रेड दारात ताटकळतो. (1997 मध्ये मंगळावर पाथफाइंडर यान सारखं रीसेट व्हायचं ते याच जातीच्या भानगडीने, तेव्हा संगत काही वाईट नाही.) म्हणून 64 खणांचा रिंग बफर केला, शेवटचा खण झाला की परत पहिल्यापासून. लिहिणारा एक, वाचणारा एक, लॉक नाही. लिहिणारा खणात मेसेज ठेवून टेल (कुठवर लिहिलं तो आकडा) पुढे सरकवतो, वाचणारा टेल बघून मेसेज उचलतो आणि हेड (कुठवर वाचलं तो आकडा) सरकवतो. हेड-टेल दोन्ही अटॉमिक (थ्रेडमध्ये वाटून वापरता येणारे आकडे) केले आणि हात झटकले.

अटॉमिक होते, पण "फास्ट असतं" म्हणून सगळीकडे रिलॅक्स्ड हा सगळ्यात सैल प्रकार ठोकला होता. रिलॅक्स्ड म्हणजे आकडा अर्धामुर्धा वाचला जाणार नाही, एवढीच हमी. टेल सरकलेला दिसला म्हणजे खणातला मेसेजही पोचला असेल, असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. लॅपटॉपचा इंटेल प्रोसेसर जे ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने इतर कोअरना दाखवतो, त्यामुळे तिथे माझं पाप झाकलं गेलं. रास्पबेरी पायच्या आर्म प्रोसेसरवर तसं बंधन नाही.

हे सापडलं कसं ते सांगतो, कारण सगळी मजा तिथेच आली. नॉब काढून टाकला, एका थ्रेडने 1, 2, 3 असे नंबर नुसते ओतत राहायचे आणि दुसऱ्याने पुढचाच नंबर येतोय ना ते बघायचं. लॅपटॉपवर रात्रभर चाललं, एकही चूक नाही. रास्पबेरी पायवर लावलं तर चहा गाळून येईपर्यंत स्क्रीनवर ओळ: हवा होता 8137, आला 8073. फरक काढला, 64. पुढची चूक, परत 64. म्हणजे टेल दिसला पण खणात अजून मागच्या फेरीचाच मेसेज होता, वाचणाऱ्याने तो शिळाच उचलला आणि हेड पुढे नेला. खरा मेसेज क्षणभराने तिथे येऊन पडला पण तोपर्यंत घ्यायला कोणी नाही! नॉबचा शेवटचा मेसेज असा हरवला की आईचा तानपुरा खालीच राहणार.

दुरुस्ती चार शब्दांची. टेल लिहिताना रिलीज (आधीचं लिहिलेलं आधी पोचू दे), वाचताना अक्वायर (पुढचं वाचन यानंतरच). आणि हेडलाही तेच, हे मी आधी विसरलो होतो, कारण वाचणाऱ्याचं वाचून व्हायच्या आत लिहिणारा त्याच खणावर पुढचं लिहू शकतो. वैताग याचा की थ्रेड सॅनिटायझर (अशा चुका पकडणारं टूल) लॅपटॉपवरच लावला असता तरी त्याने बोंब मारली असती, तो प्रोसेसर काय करतो ते बघत नाही, दोन थ्रेडमध्ये क्रम ठरलाय का ते बघतो. मी तो "नंतर लावू" म्हणून ठेवला होता.

जाता जाता हेड आणि टेल वेगवेगळ्या 64 बाइटच्या कॅश लाइनवर (प्रोसेसर मेमरी एका वेळी उचलतो तो तुकडा) टाकले, टेस्टला निम्म्याहून कमी वेळ लागला. नॉबच्या कामाला याची काडीचीही गरज नव्हती, पण हौस.

आता मोबाइलवरून पट्टी बदलायची सोय करतोय, म्हणजे लिहिणारे दोन झाले आणि हा क्यू तर एकासाठीच आहे. दिमित्री व्ह्यूकोव्ह या प्रोग्रॅमरचा, अनेक लिहिणाऱ्यांना चालणारा, प्रत्येक खणाला नंबर देणारा क्यू दोनदा वाचला, सुंदर आहे, पण इथे नको. लिहिणाऱ्या दोघांनी आपापसात म्युटेक्स घ्यायचा, ऑडिओवाला त्या लॉकच्या वाटेलाही जात नाही. सध्या हेच लावलंय, नंबरवाली टेस्ट पायवर दोन लिहिणाऱ्यांनिशी चालू आहे. जुना नॉब ड्रॉवरमध्ये पडलाय, कोणाला हवा असेल तर सांगा, चांगला चालतो.