मे महिन्यात उत्तरेकडचे फर्न का करपले

आमचं घर गोव्यात फोंड्याजवळ, जुनं, चिऱ्यांच्या भिंतींचं, आणि मागची गॅलरी बरोब्बर उत्तरेला. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात तिथे तीन बोस्टन फर्न टांगले, कारण जिथे वाचावं तिथे हेच, की फर्न उत्तरेला ठेवा, तिथे थेट ऊन येत नाही. एप्रिलपर्यंत इतके भरले की येणारा प्रत्येक जण हात लावून बघायचा. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात टोकं करपली, पान मुठीत धरलं की पापडासारखा चुरा. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून दिवसातून दोनदा घालायला लागले, तर एकाची मुळंच कुजली. फार जीवाला लागलं.

शेवटी सासूबाईंनी दाखवलं. साडेचार वाजता मला गॅलरीत बोलावलं आणि म्हणाल्या, अगो बघ, ऊन कुठून येतंय ते. वायव्येकडून तिरकं ऊन थेट कुंड्यांवर!

मग डोक्यात प्रकाश पडला. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर, म्हणजे मेच्या सुरुवातीला सूर्य आपल्या डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो आपल्या उत्तरेलाच असतो. जून-जुलैत ढग असतात म्हणून कळत नाही, पण मे कोरडा आणि कडक, तेव्हा सकाळ-संध्याकाळचं ऊन उत्तरेच्या बाजूने सरळ आत शिरतं. उत्तरेच्या खिडकीचा सल्ला युरोप-अमेरिकेतल्या लोकांसाठी बरोबर आहे, तिकडे दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला. आपल्याकडे तो सल्ला मेमध्ये झाड मारतो, हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं.

फर्नला काय आवडतं ते बघायचं तर आमच्या विहिरीत डोकवा. आतल्या चिऱ्यांच्या फटीत मेडनहेअर फर्न उगवलेत, काळ्याभोर तारेसारखे देठ आणि त्यावर इवली इवली पानं, कुणी लावलेली नाहीत. वर अख्खं मोकळं आकाश, उजेड भरपूर, पण ऊन आत उतरतं ते दुपारी घटकाभर. म्हणजे अंधार नकोय त्यांना, लोक इथेच चुकतात आणि फर्न नेऊन बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवतात. (खाजणातला, म्हणजे खाऱ्या दलदलीतला, मोठा नेचा, तोही फर्नच, मात्र भर उन्हात उभा असतो, पण त्याचे पाय कायम चिखलात!)

आता मी कुंडीच्या जागी दुपारी हात धरून बघते, सावलीची कड पुसट दिसली तर जागा चांगली, कड एकदम रेखीव आली तर ऊन जास्त आणि सावली पडतच नसेल तर उजेड कमी. घरात उजेड फार लवकर कमी होतो, खिडकीपासून तीन-चार फुटांच्या पुढे मी ठेवतच नाही. पुढच्या खोलीला अजून काचेऐवजी शिंपल्या बसवलेली जुनी खिडकी आहे, तिच्यातून जो दुधाळ उजेड येतो ना, तो फर्नसाठी अप्रतिम, तिथला बर्ड्स नेस्ट फर्न आमच्या घरातला सगळ्यात देखणा. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवायची, नाहीतर सगळा एका अंगाला कलतो. पानं लांबुडकी, विरळ, फिकी यायला लागली की उजेड कमी पडतोय, आणि पिवळट होऊन टोकं कागदासारखी वाळली की आधी ऊन तपासा, मग पाणी. करपलेलं पान परत हिरवं होत नाही, बुडातून कापून टाका. पानामागे ओळीने तपकिरी ठिपके दिसले तर मात्र औषध मारू नका, ते बीजाणू आहेत, त्यांतूनच नवे फर्न उगवतात, किडे नव्हेत.

पावसात सगळे बाहेर, पण पागोळ्यांखाली नाही, ती धार गाभ्यातली कोवळी पानं मोडते. आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबरचं ऊन, तेव्हा पावसाने मऊ झालेली पानं दोन दिवसांत भाजतात म्हणून दसऱ्याच्या आसपास परत सावलीत.

यंदा एप्रिल संपायच्या आतच उरलेले दोन्ही फणसाखाली नेऊन टांगले. आज 14 मे. नवीन पानं फुटतायत, अजून गुंडाळलेली, वरून बारीक लव असलेली, सासूबाई रोज सकाळी मोजतात, आज अकरा झाली.