पांढऱ्यावर पांढरे

रविवार, रात्र

दुपारभर छापचित्रासाठी लिनोचा, म्हणजे लिनोलियमच्या मऊ चादरीचा, तुकडा कोरून मनगट अवघडले, तेव्हा हत्यार बाजूला ठेवून बंगाली चित्रकार चित्तप्रसाद यांच्या छापांचे पुस्तक उघडले. उपाशी मुलांच्या काळ्या देहांवर बरगड्यांच्या पांढऱ्या रेघा आहेत. लिनोवर जे कोरून काढावे ते कागदावर कोरे राहते, तेव्हा या बरगड्या म्हणजे चित्रकाराने काढून टाकलेला भाग आहे, ही साधी गोष्ट इतकी वर्षे कोरकाम करूनही आज प्रथमच नीट जाणवली. १९४३ च्या बंगालमधल्या दुष्काळात ते मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडले होते. त्या फिरण्यातून निघालेल्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या. (ती शाईची रेखाटने होती, छाप नव्हेत.) पुढे आयुष्याचा मोठा भाग त्यांनी आपल्या मुंबईत, अंधेरीत काढला.

चितगावच्या ज्या तरुणाला त्यांनी त्याच दुष्काळात चित्रे काढायला लावले, ते सोमनाथ होर मात्र १९७१ पासूनच्या ‘वूंड्स’ (जखमा) या छापांच्या मालिकेत माणसाचा चेहराच गाळून टाकतात. पांढऱ्या कागदावर पांढरेच ओरखडे आणि खड्डे. बहुतेक ठिकाणी शाईचा थेंबही नाही. पुस्तकातल्या छायाचित्रात तर हाती काही लागत नाही, आणि खरे सांगायचे तर बरीच वर्षे मी याला पळवाट समजत असे. एका प्रदर्शनात तिरक्या उजेडात त्यांतला एक छाप पाहिला, तेव्हा कागदाच्या फाटल्यासारख्या कडेला सावली धरली होती आणि बोट लावायचा धीर होत नव्हता. होर मातीच्या थरावर घाव घालत, त्यावरून सिमेंटचा साचा घेत आणि त्यात कागदाचा लगदा दाबत. साच्यात घावाचा उंचवटा होतो आणि लगद्यात पुन्हा खड्डा, म्हणजे मातीला झालेली इजा दोनदा उलटून जशीच्या तशी कागदाच्या अंगात उतरते. चित्तप्रसादांची मुले आपल्याकडे पाहतात, म्हणून आपल्याला निदान नजर चुकवता येते. इथे पाहणारे कोणी नाही, त्यामुळे तीही सोय नाही.

माझ्या लिनोवर एका म्हातारीचा चेहरा अर्धा झाला आहे. गालावर अश्रू कोरायचे म्हणून पेन्सिलीने खूण केली होती, ती झोपण्यापूर्वी पुसून टाकली.