नवऱ्याचा ओटीपी

"मावशी, नवऱ्याचा आधार नंबर सांगा, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी येईल."

लाडकी बहीण योजनेच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या मावशी गप्प. मग हळूच म्हणाल्या, "त्यानं टाकून चौदा वर्षं झाली रे. वडील पण गेले. कुणाचा सांगू?"

हातात कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड, घड्या फाटल्यात तिथे सेलोटेप लावलेली.

दिवसभर तेच डोक्यात. २०२४ मध्ये लाडकी बहीण आली तेव्हा पात्रतेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता सगळ्या होत्या, निवडणुकीत तर महायुतीवाले महिन्याच्या १५०० रुपयांचे २१०० करू म्हणाले, आणि पुढच्याच वर्षी ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी आली, ती नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारवर. ओरड झाल्यावर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय केली. पण नुसतं टाकून दिलेल्या बाईकडे यातला कुठला कागद असणार?

मी योजनेच्या विरोधात अजिबात नाही, ते पैसे बाईच्या हक्काचेच आहेत. म्हणूनच राग येतो. जिला पुरुषाशिवाय घर चालवावं लागतंय तिच्याकडेच पुरुषाचा ओटीपी मागायचा?

मावशी रेशनकार्ड परत पिशवीत घालून निघून गेल्या. हा फॉर्म ठरवताना अशी एक तरी बाई कुणाच्या डोळ्यासमोर आली असेल का?