म्युनिकचे प्राध्यापक ल्यूट्गे आणि इंटरनेट व्यवसायाची नीती

व्यवसायनीती शिकवणारा प्राध्यापक म्हटले की व्यापाऱ्यांना सचोटीचे धडे देणारा उपदेशक डोळ्यांपुढे येतो. म्युनिकमध्ये राहून ज्यांच्या लेखनाकडे मी आवर्जून लक्ष ठेवतो, ते अर्थतज्ज्ञ व तत्त्वज्ञ प्रा. क्रिस्टोफ ल्यूट्गे मात्र असा उपदेश करत नाहीत. बाजारात सरळ वागणाऱ्याचेच नुकसान का होते आणि ते होऊ नये यासाठी नियम कसे आखावेत, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा आहे. इंटरनेट कंपन्यांविषयी आपल्याकडे होणारी चर्चा बहुधा त्यांच्या हेतूंपाशीच थांबते, म्हणून ल्यूट्गे यांची वाटचाल मराठी वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

१९६९ साली जन्मलेल्या ल्यूट्गे यांनी तत्त्वज्ञान आणि व्यवसाय-माहितीशास्त्र हे दोन विषय एकत्र घेऊन ब्राउनश्वाइग, ग्योटिंगेन आणि पॅरिस येथे शिक्षण घेतले. २०१० पासून ते म्युनिक तांत्रिक विद्यापीठात व्यवसायनीतीच्या अध्यासनावर आहेत. हे अध्यासन पेटर ल्योशर यांच्या नावाने आणि देणगीने उभे राहिले. लाचखोरीच्या प्रकरणामुळे सीमेन्स कंपनी हादरली असताना २००७ मध्ये तिची सूत्रे याच ल्योशर यांच्याकडे सोपवण्यात आली होती, आणि पुढच्याच वर्षी कंपनीला अमेरिका व जर्मनीत मिळून सुमारे १६० कोटी डॉलर भरावे लागले होते. सीमेन्सचे मुख्यालय याच शहरात आहे, त्यामुळे नीती हा विषय येथे केवळ वर्गापुरता राहणे शक्यच नव्हते.

ल्यूट्गे ज्या विचारपरंपरेत काम करतात तिचा पाया कार्ल होमान यांनी घातला. १९९० मध्ये इंगोलश्टाट येथे सुरू झालेले जर्मनीतील व्यवसायनीतीचे पहिले अध्यासन होमान यांच्याकडे होते. बाजारव्यवस्थेत नीतीचे खरे स्थान स्पर्धेच्या चौकटीत, म्हणजे सर्वांना सारख्याच बांधणाऱ्या नियमांत असते, असे ते मांडत आले. समजा, एखाद्या कंपनीने ग्राहकाची अनावश्यक माहिती गोळा न करण्याचे ठरवले आणि तिच्या स्पर्धकांनी मात्र तीच माहिती जाहिरातदारांना विकली, तर पहिल्या कंपनीचे उत्पन्न घटते आणि तिचा चांगुलपणाच तिला बाजारातून बाहेर काढतो. अशा वेळी तिच्या मालकाकडे अधिक त्यागाची मागणी करणे निरर्थक असते. बंधन सर्वांवर आले की हाच मालक नुकसान न सोसता प्रामाणिक राहू शकतो. २०१८ च्या मे महिन्यात लागू झालेला युरोपीय विदासंरक्षण (डेटा संरक्षण) कायदा मला याच दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. वार्षिक जागतिक उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो हे कळल्यावर खासगीपणा हा प्रत्येक कंपनीच्या हिशेबाचा भाग होतो.

या विचाराची सर्वांत कठीण परीक्षा खुद्द ल्यूट्गे यांनाच द्यावी लागली. जानेवारी २०१९ मध्ये फेसबुकने म्युनिक तांत्रिक विद्यापीठाला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीविषयक संशोधन संस्थेसाठी पाच वर्षांत ७५ लाख डॉलर देण्याचे जाहीर केले आणि ल्यूट्गे त्या संस्थेचे संस्थापक संचालक झाले. त्यावर जर्मनीत तीव्र टीका झाली. संशोधन स्वतंत्र राहील, असे विद्यापीठाने सांगितले. मला टीकाकारांचे म्हणणे अधिक पटते, आणि त्याचे कारण ल्यूट्गे यांच्याच सिद्धान्तात आहे. संशोधकाच्या सचोटीवर शंका घेण्याची गरजच नाही. पण ज्या कंपनीच्या वागणुकीची चिकित्सा करायची तिच्याकडूनच पैसा येणार असेल, तर प्रश्न निवडतानाच हात आखडता घेतला जाण्याचा धोका त्या रचनेत असतो. अशा कंपन्यांचा पैसा अनेक विद्यापीठांना देणाऱ्या एखाद्या सामायिक निधीतून आला असता, तर त्यांच्या सिद्धान्ताला ते अधिक शोभले असते.

सत्तेशी त्यांचा खटकाही उडाला. कोरोनाकाळातील टाळेबंदीवर जाहीर टीका केल्यानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियाच्या सरकारने त्यांना आपल्या नीतिपरिषदेतून दूर केले. टाळेबंदीविषयीची त्यांची मते मला सगळीच मान्य नव्हती, तरीही नीतीचा सल्ला देण्यासाठी नेमलेल्या माणसाला मतभेदामुळे हटवणे मला अयोग्य वाटले.

त्यांच्या कामातील ज्या भागाचा ठसा थेट कायद्यावर उमटला, तो स्वयंचलित वाहनांचा आहे. जर्मनीच्या घटना न्यायालयाचे माजी न्यायाधीश उडो दी फाबिओ यांच्या अध्यक्षतेखालील संघराज्य सरकारच्या नीतिआयोगाचे ते सदस्य होते. जून २०१७ मध्ये या आयोगाने वीस नियम मांडले. अपघात अटळच असेल तर मालमत्तेपेक्षा माणसाचा जीव आधी वाचवावा, आणि वय, लिंग किंवा शारीरिक-मानसिक स्थिती पाहून यंत्राने कोणाच्या जिवाचे मोल कमी-अधिक ठरवू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. वैयक्तिक वैशिष्ट्यांवरून असा भेद करण्यास मनाई करणारी तरतूद २०२१ मध्ये जर्मनीच्या रस्तेवाहतूक कायद्यात आली. जर्मन मोटार उद्योगासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे बरेच काम पुण्यात चालते, त्यामुळे हिंजवडीत बसून अशा गाडीची आज्ञावली लिहिणाऱ्या मराठी अभियंत्यालाही हेच बंधन पाळावे लागणार आहे.