ऊन आहे, वीज नाही

संकट आले की स्वच्छ ऊर्जेकडे जाण्याचा वेग आपोआप वाढतो, असे म्हणण्याची हल्ली पद्धत पडली आहे. मला ते अर्धेच पटते. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, तेव्हा डेन्मार्क हळूहळू पवनचक्क्यांकडे वळला, तर फ्रान्सने त्याच धक्क्यानंतर अणुऊर्जेचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर वायूची टंचाई झाली आणि जर्मनीने एकीकडे पवन व सौर ऊर्जेचे कायदे घाईने मंजूर केले, तर दुसरीकडे बाजूला ठेवलेले कोळशाचे संच पुन्हा चालू केले. धक्का घाई करायला लावतो. कुठे जायचे, हे आधी केलेल्या तयारीवर ठरते.

नाशिकमध्ये ही तयारी कुठे कमी पडते, ते वळवाच्या पावसात दिसते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत. एका मे महिन्यात वादळाने झाड कोसळून वीजवाहिनी तुटली. थोड्याच वेळात आभाळ निवळले, कडक ऊन पडले, पॅनेल तर पावसाने धुऊन लख्ख झालेली, आणि तरीही पंप बंद, लिफ्ट बंद. अनेकांना तो इन्व्हर्टरचा (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राचा) बिघाड वाटला, पण बिघाड काहीच नव्हता. ग्रिडला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या सार्वजनिक जाळ्याला, जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिडमधल्या विजेचा दाब (व्होल्टेज) आणि वारंवारिता पाहूनच चालतो. ग्रिड गेले की तो स्वतःहून थांबतो, कारण तसे झाले नाही तर गच्चीवरची वीज उलट वाहिनीत शिरून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतू शकते. नियम योग्यच आहे. खटकते ते एवढेच की पॅनेल बसवताना हे कोणी ठळकपणे सांगत नाही (विक्रेत्याचा सगळा भर बिल किती कमी होईल यावर असतो).

सरकारी योजनांचा कलही त्याच बाजूला आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, मात्र ते पॅनेलच्या क्षमतेनुसार. त्यातून वीज स्वस्त होते. वादळानंतर ती हाताशी असेलच असे नाही. त्यासाठी बॅटरी आणि ग्रिड नसतानाही चालू शकणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि तो खर्च डोळ्यांत भरणारा असतो. येत्या वार्षिक सभेत मी निदान पंप आणि एका लिफ्टपुरता तसा प्रस्ताव मांडणार आहे. आकडा ऐकल्यावर किती हात वर होतील, याची मला शंकाच आहे.