आमची वाटचाल: उसाच्या ट्रॉलीपासून कॅरॅव्हॅनच्या फ्रेमपर्यंत

आमच्या वर्कशॉपचा पाया ट्रॅक्टर-ट्रॉलीवर उभा राहिला. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात दिवाळीच्या आसपास उसाचा हंगाम सुरू होतो आणि त्याच्या आधी ट्रॉल्यांची रीघ लागते. कुणाचा हुक झिजलेला, कुणाचा फाळका वाकलेला, कुणाचा पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) फ्रेमला धरणारा हँगर निखळलेला. ट्रॉलीत जळण्यासारखं फारसं काही नसतं. त्यामुळे या धंद्यात अर्थचा चिमटा, म्हणजे वेल्डिंगचा करंट मशीनकडे परत नेणारा, हाताला येईल तिथे लावायची सवय सगळीकडे दिसते. (ट्रॉलीच्या बेअरिंगलाही त्याचा त्रास होतोच, फक्त तो कुणी मोजत नाही.)

पुढे फूड व्हॅन आल्या, मग गाडीमागे ओढायच्या कॅरॅव्हॅन. इथे गणित उलटं झालं. फ्रेमचा पत्रा ३ ते ४ मिमीचा, आणि त्याला चिकटून प्लाय, थर्माकोल, वायरिंग, गॅसची तांब्याची नळी, पाण्याची प्लास्टिक टाकी, लिथियम बॅटरी, सोलरचा कंट्रोलर. एका हँगरच्या कामात प्रत्यक्ष वेल्डिंग तासाभराच्या आत संपतं, दिवस जातो तो खोलण्यात आणि परत जोडण्यात. म्हणून आमच्या कोटेशनमध्ये 'खोलजोड' ही वेगळी ओळ असते. घासाघीस तिच्यावरच होते आणि कमी न होणारी ओळही तीच.

वीज तोडण्याचा क्रम ठरलेला आहे. बाहेरून येणारी २३० व्होल्टची केबल आधी काढायची, गाडीला जोडणारा प्लग सोडवायचा. मग सोलर पॅनेल कंट्रोलरपासून वेगळं करायचं आणि त्यानंतरच बॅटरीला हात लावायचा. पॅनेल चालू असताना बॅटरी आधी काढली, तर त्या व्होल्टेजला आवरणारं कुणी उरत नाही आणि कंट्रोलर जाऊ शकतो. बॅटरीची निगेटिव्ह आधी, पॉझिटिव्ह नंतर. लिथियम बॅटरी असेल तर ती बाहेरच काढून ठेवतो. नुसता मेन स्विच बंद करून भागत नाही, कारण तो बहुधा पॉझिटिव्हच तोडतो. निगेटिव्ह फ्रेमला जोडलेलीच राहते आणि वेल्डिंगचा करंट फ्रेममधूनच वाहत असतो. टिग (टंगस्टनच्या टोकाने होणारं वेल्डिंग) वापरायची वेळ आली तरी हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट, म्हणजे न टेकवता जास्त व्होल्टेजने आर्क पेटवणं, बंद ठेवतो.

नुकसानाचं मूळ बहुतेक वेळा अर्थच्या चिमट्यात सापडतं. ज्या तुकड्यावर काम चाललंय त्याच तुकड्यावर, १५ ते ३० सेंमीच्या आत, रंग आणि गंज घासून काढलेल्या जागी चिमटा लावायचा. तो लांब लावला किंवा रंगावर बसवला, की करंट परतीची वाट स्वतः शोधतो. कधी ब्रेकच्या मॅग्नेटच्या वायरमधून, कधी गॅसच्या नळीवरून. चिमटा अ‍ॅक्सलवर किंवा हबवर असेल तर सगळा करंट बेअरिंगमधून जातो. रोलर आणि ट्रॅक यांच्यामधल्या ग्रीसच्या पातळ थरात बारीक ठिणग्या उडून खड्डे पडतात. त्या दिवशी काहीच कळत नाही. बेअरिंग नंतर रस्त्यावर वाजायला लागतं. पाट्यावर उडालेली ठिणगीही अशीच दगा देते. त्या टिपक्याखालचं स्टील कडक आणि ठिसूळ होतं आणि तिथूनच पाटा तुटतो. म्हणून पाटे गोणपाटाने झाकतो, आणि हँगरचं काम असेल तर उतरवूनच ठेवतो.

गॅसचे सिलेंडर नुसते बंद करून चालत नाहीत, ते शेडबाहेर नेतो. नळीत उरलेला गॅस मोकळ्या हवेत सोडतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खालच्या पोकळीत आणि पिटमध्ये (गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात) साचतो, नाकाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून असलं काम आम्ही पिटवर घेत नाही.

मग खालचं कव्हर उतरवायचं. वेल्डच्या दोन्ही बाजूंनी निदान ६० सेंमी जागा मोकळी हवी. थर्माकोल १०० अंशांच्या आसपासच मऊ पडतो आणि पाण्याचे पाइपही तग धरत नाहीत. बॉक्स सेक्शनमधून (फ्रेमच्या पोकळ चौकोनी नळीतून) वायरिंग गेलं असेल तर ते ओढून बाहेर घेतो, कारण बाहेरून लावलेली उष्णता आत काय जाळते हे दिसत नाही. जे निघत नाही त्यावर वेल्डिंगचं ब्लँकेट आणि प्लायच्या बाजूला ओलं गोणपाट. आग विझवायचा ६ किलोचा एबीसी पावडरचा सिलेंडर हाताशी, आणि एक माणूस फक्त आगीकडे बघायला. काम संपल्यावरही तो तासभर तिथेच असतो, कारण प्लायमधली धग उशिरा पेट घेते.

साफसफाईला ब्रेक क्लीनर अजिबात नाही. त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनचे सॉल्व्हंट असतात आणि आर्कच्या उजेडात व उष्णतेत त्यांचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. गॅल्व्हनाइज्ड फ्रेम असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंनी ५० मिमीपर्यंत जस्त घासून काढायचं, नाहीतर त्याच्या धुराने संध्याकाळी थंडी-ताप भरतो.

आता फ्रेमला पडणाऱ्या भेगेकडे. दोन अ‍ॅक्सलची कॅरॅव्हॅन जागच्या जागी वळवली की चाकं आडवी घासतात आणि हँगर फ्रेमच्या खालच्या फ्लँजला (आडव्या कडेला) बाजूला पिळतात. भेग तिथेच पडते. नुसती भेग बुजवली तर पीळ कायम राहतो आणि नवी भेग वेल्डच्या शेजारी उघडते. म्हणून भेगेच्या टोकाला ६ मिमीचं भोक पाडून ती थांबवतो, व्ही खाच करून भरतो, आणि दोन्ही बाजूंच्या हँगरमध्ये आडवा सेक्शन टाकतो. पट्टी लावायची तर फ्रेमच्याच जाडीची, टोकं निमुळती. ३ मिमीवर ६ मिमीची पट्टी मारली की तिच्या कडेलाच पुढची भेग ठरलेली. फ्लँजवर आडवा वेल्ड नाही, कडेपासून २० मिमी आतच थांबायचं.

मशीन म्हणजे मिग (गॅसच्या आवरणात वायर वितळवणारं), ०.८ मिमी वायर, ३ मिमी पत्र्याला १०० ते १२० अ‍ॅम्पिअर. वारं असेल तर गॅस उडतो आणि वेल्डला छिद्रं पडतात, तेव्हा २.५ मिमीचा ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड, ७० ते ९० अ‍ॅम्पिअर. आमच्याकडच्या पावसाळ्यात हा रॉड ३०० ते ३५० अंशांवर भाजल्याशिवाय वापरत नाही. ओलाव्यातला हायड्रोजन जोडाला आतून तडे देतो. एका दमात ३०-४० मिमीपेक्षा जास्त ओढत नाही, जागा बदलत राहतो, हात ठेवता येईल इतकं निवू देतो. फ्रेम घोड्यांवर (स्टँडवर) सरळ टेकवून, चाकं उतरवून. फ्रेम तिरकी झाली नाही हे बघायला आधी आणि नंतर तिचे कर्ण मोजतो.

काही कामं परत पाठवतो. अ‍ॅक्सलच्या नळीवर वेल्डिंग नाही; तिचा बाक गेला की टायर एका बाजूने झिजतात. रबर टॉर्शन अ‍ॅक्सलजवळ (ज्यात पाट्यांऐवजी नळीतलं रबर धक्के झेलतं) तर नाहीच, आतलं रबर जळतं. लांबी वाढवणं किंवा अ‍ॅक्सल हलवणं असेल तर आरटीओची परवानगी आधी दाखवा.

जोडणी उलट क्रमाने. जिंकचं प्रायमर, बॉक्समध्ये मेण, निचऱ्याची भोकं मोकळी. बॅटरीची पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह नंतर, पॅनेल शेवटी. गॅसचे जोड साबणाच्या पाण्याने तपासायचे. चाक हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकतो, ब्रेक आणि दिवे बघतो. चाकाचे नट टॉर्क रेंचने आवळून देतो, आणि ८० किमी चालल्यावर ते पुन्हा आवळावेत असं बिलावर लिहितो.