कुणाची गं तू?

सांगलीत गावभागात वाढलं की एक प्रश्न कायम मागं असतो, कुणाची गं तू? किराणा आणायला जा, गणपतीच्या देवळात जा, सायकलचं पंक्चर काढायला थांबा, कुणीतरी विचारणारच. मास्तरांची नात म्हणलं की पुढचं सगळं त्यांना आधीच माहीत, काका कुठं नोकरीला, आत्या कुठं दिलीय, आणि मी गणितात हुशार असणार हे पण (नव्हते!). त्यात वाईट काही नव्हतं, दुकानात उधारी मिळायची. फक्त मी कोण हे मला स्वतःला कधी सांगायलाच लागलं नाही.

ते लागलं ऑर्कुटवर, फेसबुकसारखीच गुगलची एक जुनी साइट. तिथं 'अबाउट मी' म्हणून एक रिकामा चौकोन असायचा आणि मी कॉलेज कॉर्नरजवळच्या सायबर कॅफेत, प्लायवूडच्या त्या खोपटात, अर्ध्या तासाचे दहा रुपये देऊन नुसती त्या चौकोनाकडं बघत बसले होते, शेवटी मैत्रिणीच्या प्रोफाइलवरून इंग्रजी शेरोशायरी कॉपी केली, नाव ठेवलं सायलेंट रेन आणि फोटो गुलाबाचा. तेव्हा सगळ्या पोरींचा फोटो गुलाबाचा नाहीतर गोऱ्या गुबगुबीत बाळाचा असायचा, स्वतःचा लावायची कुणाची टाप होती.

आणि स्क्रॅपबुक! आत्ताच्या पोरांना हे सांगून पटत नाही. मी तुला लिहिलेलं तुझ्या पानावर, तू मला दिलेलं उत्तर माझ्या पानावर, म्हणजे दोघांचं काय चाललंय हे बघायला तिसऱ्याला दोन्ही पानं आलटून पालटून वाचायला लागायची, आणि लोक वाचायचेच, आम्ही पण वाचायचो. वर 'रीसेंट व्हिजिटर्स'मध्ये कोण येऊन गेलं तेही दिसायचं. तरी मला तिथं मोकळं वाटायचं, कारण वाचणाऱ्याला मी कुठल्या घरातली हे ठाऊक नव्हतं. सायलेंट रेन जरा आगाऊ होती, भांडायची, कवितांवर मतं द्यायची. घरात मी ताटावर मान खाली घालून जेवणारी पोरगी. खरी कोणती असं कुणी विचारलं तर मी म्हणेन दोन्ही, पण भांडायला मी तिथंच शिकले आणि पुढं ते नोकरीत लई उपयोगी पडलं.

मग फेसबुक आलं. त्याला खरं नाव पाहिजे, शाळा पाहिजे, गाव पाहिजे. ३० सप्टेंबर २०१४ ला गुगलनं ऑर्कुट बंद केलं तोवर आम्ही सगळे तिकडं आडनावासकट जाऊन बसलो होतो. व्हॉट्सॲप तर सरळ फोन नंबरवर चालणारं, आणि सप्टेंबर २०१६ ला जिओ आल्यावर आईपासून कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांपर्यंत सगळे आत. डीपी बदलला की आत्याचा फोन, बारीक झालीस गं. म्हणजे गल्ली सोडून जिथं आले होते तिथं अख्खी गल्ली मुक्कामाला!

पण २०१९ चा ऑगस्ट आठवला की मला याबद्दल फार तक्रार करता येत नाही. सांगलीत कृष्णेला पूर, आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर, मी पुण्यात आणि घरचे गावभागात. लाईट गेलेली, फोन एकेक करून बंद पडायला लागलेले. तेव्हा ग्रुपवर मेसेज फिरत होते ते असे, अमुक बोळात, पिठाच्या गिरणीच्या मागं, मास्तरांच्या घरी वरच्या मजल्यावर माणसं आहेत, म्हातारी आहे, बोट पाठवा. आज्जीचं नाव त्यात नव्हतंच, मास्तरांचं घर एवढंच, आणि बोटवाल्या पोरांना तेवढं पुरलं. सायलेंट रेनला न्यायला कोण आलं असतं?

आता माझी भाची नववीत आहे. घरच्यांसाठी तिचं एक इन्स्टा अकाउंट आहे, त्यावर रांगोळी आणि गणपती. दुसरं पण आहे, ते आम्हाला माहीत नाही असं तिला वाटतं, नावाचा पत्ता नाही, डीपीला कुठलंतरी जपानी कार्टून. दादा म्हणतो नीट लक्ष ठेवायला पाहिजे, आणि २०२३ च्या डेटा कायद्यातसुद्धा अठराच्या आतल्या मुलांची माहिती वापरायची तर आईबापाची संमती लागते असंच आहे. कंपन्यांना वेसण पाहिजे हे मला पटतं, पोरींना काय काय मेसेज येतात ते मी बघितलंय. पण सायलेंट रेन व्हायला मला आधी बाबांची परवानगी काढायला लागली असती तर ती झालीच नसती हे पण तितकंच खरं.

म्हणून मी तिला एवढंच म्हणलं, कुणी घाण बोललं तर स्क्रीनशॉट काढ, ब्लॉक कर आणि रात्री दोन वाजले तरी मला फोन कर. ती म्हणाली, कुठल्या अकाउंटचं बोलालीस आत्या? मी म्हणलं, रांगोळीच्या.